उलटपावली

समुद्राकाठच्या त्या सहा खोल्यांमध्ये जो पाहुणा उतरायचा, तो पहिल्या सकाळी दार उघडून एकच वाक्य बोलायचा, "इथे तर माणसाचं पाऊलसुद्धा पडलेलं नाही." कोणी दबक्या आवाजात बोलायचं, कोणी फोनवरून घरच्यांना ओरडून सांगायचं, पण वाक्य तेच. स्वयंपाकी ओट्यामागून ते ऐकायचा आणि कांदा चिरता चिरता हसायचा. पाऊल पडलेलं कसं नसेल? चांगली पाच-सहाशे पावलं पडलेली असायची. ती ज्या बाईची होती, ती बाई तोवर मागच्या अंगणात चादरी पिळत उभी असायची.

त्याचं असं होतं. जागेच्या मालकीणबाईंनी सुरुवातीलाच एक नियम घालून दिला होता. पाहुणा उठायच्या आधी खोल्यांपासून खडकांपर्यंतची सगळी वाळू कोरी दिसली पाहिजे. लोक इतक्या लांब कोऱ्या किनाऱ्यासाठी येतात, कुणाच्या चपलांचे ठसे बघायला नाही, असं त्यांचं म्हणणं. भरतीचं पाणी तेवढ्या वर येत नाही, म्हणजे समुद्राच्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता. मग हे काम कुणाच्या गळ्यात पडलं, हे काय सांगायला हवं? पहाटे उठून ही बाई पाण्याच्या कडेकडेने खडकांपर्यंत जायची आणि तिथून लांब काठीला बांधलेला खराटा ओढत ओढत, मागे मागे सरकत, खोल्यांच्या पायऱ्यांपर्यंत यायची. स्वतःचं पाऊल उमटलं की लगेच स्वतःच पुसायचं. अकरा वर्षं. स्वयंपाक्याने तिचं नाव 'उलटपावली' ठेवलं होतं, आणि तोंडावर म्हणायचा, "वहिनी, तुमचे पाय कधीतरी नीट बघून घेतले पाहिजेत. असं उलटं कोण चालतं, ते आम्हाला ठाऊक आहे."

ती हसायची. स्वभावाने वाईट नव्हती. एकुलती एक मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, नवरा त्याच जागेत दुरुस्तीचं बघणारा, राहायला मागे दोन खोल्या. काय कमी होतं? आणि तिला एक विद्या आली होती, जी शाळेत शिकवत नाहीत. वाळू बघून ती माणूस सांगायची. नवराबायको भांडली असली की दोन ओळींमधलं अंतर वाढत जातं. फोन न येणारा माणूस एकाच जागी गोल गोल फिरतो. आदल्या रात्री जास्त झालेल्याची टाच खोल जाते. सगळं तिला कळायचं, सगळं ती पुसायची, आणि कुणाजवळ बोलायची नाही.

आता खोटं कशाला बोला, हेवा तिला वाटायचा. रोज सकाळी सहा खुर्च्या समुद्राकडे तोंड करून मांडायच्या, संध्याकाळी त्या झटकून आत घ्यायच्या, आणि अकरा वर्षांत एकदाही त्यात पाठ टेकायची नाही, म्हटल्यावर दगडालाही वाटेल. पण तो रोजचा हेवा होता. डास चावतो, आपण खाजवतो आणि कामाला लागतो, तसला.

सहा नंबरच्या बाई आल्या आणि ते सगळं बदललं.

वय हिच्याच एवढं, पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. एकटी आली. एकच पिशवी. आठ दिवस राहणार. बाकीचे पाहुणे निदान पोहायचे, पत्ते खेळायचे, भांडायचे. या बाई काहीच करायच्या नाहीत. पुस्तकही नाही. वाचलं असतं तर उलटपावलीने माफ केलं असतं, कारण वाचणं म्हणजे काहीतरी काम झालं. या नुसत्या पायरीवर बसायच्या आणि बघायच्या. दुपारी झोपायच्या. उठून परत बसायच्या. पाणी द्यायला गेलं की "राहू द्या, मी घेईन हं," असं गोड बोलायच्या. आणि पाय. उलटपावलीची नजर आधी पायांवर जाते, त्याला ती तरी काय करणार. टाचेला एक भेग नाही, तळवा निमुळता, मध्ये कमान अशी की ओल्या वाळूवर पुढचा भाग आणि टाच वेगवेगळी उठावी.

"आठ दिवस नुसतं बसायचं," ती स्वयंपाक्याला म्हणाली. "कंटाळा नाही येत?"

"तुम्ही बसून बघा आणि मग सांगा," तो म्हणाला.

"मला कोण बसवतंय?"

चौथ्या दिवशी पहाटे ती नेहमीप्रमाणे खडकांपाशी गेली आणि झाडायला वळली. नवऱ्याची ओळ होती. ती रोजच असायची; पाहुणे खोल्यांसमोरच असायचे, खडकांकडे फारसे फिरकत नसत. खडकांमागे विहीर, तिथला पंप संध्याकाळी बंद करायला तो जायचा आणि यायचा. टाकीच्या शिडीवरून पडल्यापासून त्याचा डावा पाय जरा बाहेर वळतो, त्यामुळे ती ओळ ती डोळे मिटूनही ओळखेल. पण आज त्या ओळीच्या शेजारी दुसरी ओळ होती. निमुळती, कमानीची. इतकी शेजारी की मध्ये हाताचं अंतरही नव्हतं. दोन्ही ओळी खोल्यांच्या बाजूने बरोबरीने येत होत्या, आणि खडकांच्या अलीकडे बाईची ओळ पाण्याकडे वळून नाहीशी झाली होती.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते ते तिला त्या दिवशी समजलं. पाण्यातून वळसा घालून खडकांमागे जायचं, म्हणजे मागे काही खूण राहणार नाही. किती हुशारी! तिने खराटा असा ओढला की त्याच्या चार काड्या मोडल्या.

खरं म्हणजे तिने जरा थांबून बघायला हवं होतं. एरवी कुणाची ओळ असती तर तिने वाकून बघितलं असतं, कुठलं पाऊल आधीचं, कुठलं नंतरचं. पण स्वतःच्या नवऱ्याच्या शेजारी दुसरीची पावलं बघून वाकून अभ्यास करणारी बायको अजून जन्माला यायची आहे.

पाचव्या दिवशी दुपारी चार वाजता, पाहुणे झोपलेले असताना, ती उगाचच खराटा घेऊन बाहेर पडली आणि खडकांकडचा सगळा पट्टा पुन्हा झाडून आली. उंदरासाठी पीठ भुरभुरवून ठेवतात ना, तसं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथे जाऊन बघते तर दोन ओळी, ताज्या, स्वच्छ, एकमेकींना खेटून. एका ठिकाणी तर पावलं एकमेकांत शिरलेली.

याला नुसता राग म्हणणं पुरेसं नाही. राग आला की माणूस भांडतो. हिला भांडावंसंही वाटेना. तिला वाटलं, हा माणूस माझ्याबरोबर शेवटचा कधी चालला? बाजाराला जातो तेव्हा तो दहा पावलं पुढे. लग्नाला जाताना आधी तो निघतो, मागून आपण. त्याची ओळ वेगळी, आपली ओळ वेगळी, आणि आपली तर आपणच पुसून टाकतो. पाच दिवसांपूर्वी आलेल्या बाईला मात्र शेजारची जागा मिळाली. आयतं बसायचं, आयतं खायचं आणि नवराही आयता.

त्या दिवसापासून तिने दोन गोष्टी सुरू केल्या. पहिली म्हणजे सहा नंबरचा समाचार. डुगडुगणारी खुर्ची सहा नंबरच्या वाट्याला. अर्धवट वाळलेला टॉवेल सहा नंबरला. चहा मुद्दाम ओट्यावर ठेवून, कोमट करून न्यायचा. बाई एक घोट घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरं झालं, मला फार गरम चालत नाही." याने तर तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसरी गोष्ट म्हणजे नवऱ्याशी अबोला. पूर्ण, कडक अबोला. ताट वाढायचं, बोलायचं नाही. कपडे द्यायचे, बोलायचं नाही. तो विचारील, काय झालं? मग आपण म्हणायचं, काही नाही. तो पुन्हा विचारील. मग आपण एकदम सगळं बाहेर काढायचं. सगळं तिने मनात जुळवून ठेवलं होतं, कुठल्या वाक्याला रडायचं तेसुद्धा.

तो विचारीना. सकाळी टाकीवर चढायचा, पाणी किती भरलंय ते बघायचा, उतरून चहा प्यायचा. गळकं कौल बदललं. पाच नंबरची कडी बसवली. जेवला, ताट धुऊन पालथं घातलं, झोपला. मुळातच कमी बोलणारा माणूस, पण तीन दिवस बायकोच्या तोंडून एक शब्द नाही, हे लक्षात येऊ नये?

"चोराच्या मनात चांदणं," ती स्वयंपाक्याला म्हणाली. "म्हणून विचारत नाही." आणि तिने त्याला सगळं सांगून टाकलं.

स्वयंपाक्याने हातातली पळी खाली ठेवली. "तुमच्या नवऱ्याला पळवणार? वहिनी, त्याचा तो पंप इतकी वर्षं उघड्यावर आहे, तो कुणी पळवला का?"

"हसताय काय? मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"काय बघितलं? वाळू बघितली. माणसं बघा जाऊन."

हे मात्र तिला पटलं. आठव्या दिवशी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, ती निघाली. निघताना हातात खराटा घेतला. नवऱ्याला रंगेहाथ पकडायला कुणी खराटा घेऊन जातं का? पण मारायला नव्हता घेतला. खराट्याशिवाय त्या वाळूवर उभं राहायचं तर काय म्हणून उभं राहायचं, हेच तिला समजत नव्हतं.

माडांच्या आडून ती पुढे गेली आणि थांबली. सहा नंबरच्या बाई चालल्या होत्या. एकट्याच. मान खाली घालून, एक एक पाऊल मोजून टाकल्यासारखं. शेजारी नवऱ्याची ओळ होती, पण नवरा नव्हता. तो केव्हाचा खडकांमागे गेलेला. पंपाचा आवाजही बंद झाला होता.

उलटपावली खाली वाकली. आता वाकली. नवऱ्याच्या पावलांच्या कडा कोरड्या पडून आत ढासळलेल्या. बाईंच्या कडा अजून ओल्या, धारदार. आणि जिथे दोन ओळी खेटल्या होत्या, तिथे बाईंच्या टाचेने त्याच्या पावलाची कड दाबलेली होती. म्हणजे हे पाऊल नंतरचं. बऱ्याच वेळानंतरचं. पहिल्या महिन्यात शिकलेली गोष्ट, आणि चार दिवस डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती.

तोवर बाईंनी मागे वळून पाहिलं. उलटपावलीच्या तोंडात कितीतरी शब्द तयार होते. बाहेर पडले ते नेहमीचेच.

"काही हवंय का?"

"नाही, नाही," बाई ओशाळून म्हणाल्या. "आज निघतेय ना मी. अर्ध्या तासात गाडी येईल. म्हटलं, शेवटचं एकदा चालून घ्यावं. ही पावलं कुणाची असतात हो?"

"का?"

"तुम्ही हसाल. पहिले दोन दिवस मी खाली उतरलेच नाही. पायरीवर बसून राहायची. इतकी कोरी वाळू बघून भीती वाटायची. घरात मी एकटीच असते. माणसांपासून लांब जायचं म्हणून इथे आले, आणि इथे आले तर जगात कुणी उरलंच नाही असं वाटायला लागलं. मग संध्याकाळी ही एक ओळ दिसली. म्हटलं, रोज कुणीतरी जातं. तिच्या बाजूबाजूने चाललं की बरं वाटायचं. खडक आले की मी पाण्यातून परत फिरते. उगाच कुणाला त्रास कशाला."

"त्यांना पाहिलंय तुम्ही?"

"कुणाला?"

"ज्यांची पावलं आहेत."

"नाही," बाई म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "वाळू रोज सकाळी अशी कोरी होते, ती भरतीनेच ना?"

"भरती इतक्या वर येत नाही," उलटपावली म्हणाली, आणि हातातला खराटा जरासा वर केला.

बाईंनी खराट्याकडे पाहिलं. मग तिच्या पायांकडे पाहिलं, भेगा पडलेल्या, रुंद, उजवा अंगठा बाहेर गेलेल्या. "आणि तुमची पावलं?"

"पुसत येते."

बाई नमस्कार करून, पाण्याच्या कडेने परत गेल्या. आणि उलटपावलीला काय वाटलं असेल? हायसं वाटलं असेल? जराही नाही. बाई सुटली, पण आग तशीच राहिली होती. आता प्रश्न असा होता की पंप बंद करायला एक मिनिट लागतं, मग हा माणूस तासभर खडकांमागे करतो काय?

ती खडकांमागे गेली. तो एका सपाट खडकावर बसला होता. चपला काढून शेजारी ठेवलेल्या. समुद्राकडे तोंड. तोंडावर असं काही सुख, की तिला ओळखूच येईना. घरात तिने हा चेहरा पाहिला नव्हता. आणि तिचा जीव पुन्हा जळला, या वेळी त्या खडकावर.

अबोला तिनेच मोडला. "रोज इथे बसता?"

तो दचकला नाही. "बसतो."

"कधीपासून?"

"आलो तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाही."

"सांगितलं होतं की," तो म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात. म्हटलं, चल, एक जागा दाखवतो. तू म्हणालीस, झाडून घेते आणि येते."

तिला आठवलं. नुकतं काम लागलेलं, मालकीणबाई दिवसातून चारदा वाळू बघायला यायच्या. झाडून घेते आणि येते, असं ती म्हणाली होती. झाडून झालं होतं, आणि पुढे चादरी होत्या, आणि मग संध्याकाळचा चहा होता.

"पुन्हा का नाही बोलावलंत?"

"मी वाट बघत होतो. तू येते म्हणाली होतीस."

ती उभीच राहिली. मग तिला आपली बाजू आठवली. "मी तीन दिवस तुमच्याशी बोललेली नाही. ठाऊक आहे का?"

तो तिच्याकडे बघत राहिला. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता, हे तिला दिसत होतं. "तीन दिवस?" तो म्हणाला. "मला वाटलं, नेहमीसारखंच."

तीन दिवस जुळवून ठेवलेलं रडणं तिला आत्ता आलं, आणि ते त्या जुळवलेल्या वाक्यांपैकी एकालाही नव्हतं. त्याने शेजारच्या चपला उचलल्या आणि पलीकडच्या बाजूला ठेवल्या. तेवढी जागा झाली. ती बसली. खडक दिवसभराच्या उन्हाने गरम होता. बसून काय करायचं, ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिने खराटा मांडीवर आडवा धरून ठेवला. बऱ्याच वेळाने त्याने तो हळूच काढून घेतला आणि खडकाला टेकवून ठेवला.

उजेड कमी व्हायला लागला तेव्हा ते परत निघाले. दोन पावलं जाताच ती सवयीने उलटी फिरली आणि खराटा टेकवला. "राहू दे," तो म्हणाला. "सकाळी कर." ती सरळ चालली. सहा नंबरच्या बाईंची खोली बंद होती, गाडी निघून गेली होती.

सकाळी ती डोळे चोळत खडकांपाशी पोचली, वळली, आणि जागच्या जागी थबकली. नवऱ्याच्या ओळीशेजारी पुन्हा एका बाईची ओळ. अगदी खेटून. निमुळती नाही, वेगळीच कुणाची तरी. रुंद, सपाट तळवा, उजवा अंगठा बाहेर. ही आणखी कोण? सहा नंबर तर काल गेली. बाकीच्या खोल्याही कालच रिकाम्या झालेल्या. कानशिलं तापली, खराट्यावरची मूठ आवळली गेली, आणि एवढं सगळं होऊन गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

तिने आपला उजवा पाय उचलला आणि त्या ठशात ठेवला. कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही. अकरा वर्षं गावभराची पावलं ओळखणाऱ्या बाईने आपलं स्वतःचं पाऊल वाळूवर कधी टिकू दिलं नव्हतं, मग तिला ते ओळखता कसं येणार?

नवरा टाकीवर होता. तिने हाक मारली, "अहो, जरा इकडे या."

तो उतरून, डावा पाय ओढत आला. "काय झालं?"

"ही बघा."

"पावलं आहेत."

"ही तुमची. आणि ही कुणाची?"

"तुझी," तो म्हणाला. त्याने नीट बघितलंही नव्हतं. "टाकीवरून रोज दिसतात मला. तू पुसेपर्यंत."

पण स्वभाव कुठे जातो? "आणि सहा नंबरच्या बाईंची कशी होती?"

"कुठल्या बाई?" नवऱ्याने विचारलं.

नवे पाहुणे दहाला यायचे होते. तिने खराटा हातात घेतला, नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, मी झाडून घेते," आणि मग जीभ चावून म्हणाली, "नाही, थांबा, बरोबर जाऊ."